बंगळूरची बिअर आणि ‘अदर रँक्स’ची पाटी

गेल्या महिन्यात एका रविवारी कोल्हापूरकरच्या मुलाचा फोन आला. "काका, बंगळूरात येऊन चार महिने झाले म्हणे तुम्हाला, आणि मला कळवलं नाही?" चूक माझीच होती. नव्या पोस्टिंगवर आलं की पहिले काही महिने चार्ज घेण्यात, क्वार्टर मिळवण्यात आणि मुलांच्या शाळेत निघून जातात. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग आज संध्याकाळी भेटू. मी लोकेशन टाकतो."

लोकेशन उघडलं आणि मी फोन तसाच हातात धरून बसलो. ब्रिगेड रोडच्या मागची एक गल्ली. ती जागा मला माहीत होती. वीस वर्षांपूर्वी मी आणि या मुलाचा बाप त्याच दारातून परत फिरलो होतो.

कोल्हापूरकर म्हणजे माझा जोडीदार. फौजेत नावापेक्षा गावानंच माणूस ओळखला जातो. मी साताऱ्याचा म्हणून सातारकर, तो कागल बाजूचा म्हणून कोल्हापूरकर. तो माझ्याहून पाच वर्षं सीनियर, तेव्हा नाईक होता. मी नुकताच नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रातून शपथ घेऊन आलेला गनर. तोफेवर उभं राहायला केंद्रानं शिकवलं, पण फौजेत राहायला शिकवलं ते त्यानं.

२००४ मध्ये आम्ही दोघं काही सामान घेऊन टेम्पररी ड्यूटीवर बंगळूरला आलो होतो. काम संपलं, गाडी दुसऱ्या दिवशी होती. युनिटमध्ये कुणीतरी सांगितलं होतं की बंगळूरला पब म्हणून एक प्रकार असतो, तिथे नळातून बिअर येते. कोल्हापूरकरनं ठरवलं, नळ बघायचा. आम्ही इस्त्रीचे शर्ट घातले, बूट चमकवले आणि गेलो. दारावरच्या माणसानं आमच्या केसांकडे पाहिलं, मग बुटांकडे, आणि म्हणाला, "ओन्ली कपल्स." आमच्या मागून तीन पोरं आली, ती आत गेली. त्यांच्यात एकही मुलगी नव्हती. कोल्हापूरकर हसला. "चल गड्या, आपल्यासारख्यांचं काम न्हाई हितं." स्टेशनजवळच्या एका बारमध्ये आम्ही उभ्याउभ्या रम प्यायलो आणि डोसा खाऊन झोपलो. एवढाच प्रसंग. पण तो माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

त्या पबचं नाव लिहीत नाही. एक तर मालक आता बदलला आहे, आणि दारावर उभ्या असलेल्या त्या माणसाचा तरी काय दोष? त्याला जे सांगितलं होतं ते त्यानं केलं. आम्हीही आयुष्यभर तेच करत आलो.

संध्याकाळी मी थोडा लवकर निघालो आणि चालत गेलो. बंगळूरचा हा भाग फौजी माणसानं चालतच बघावा, कारण इथले रस्ते म्हणजे एक जुनं ड्यूटी रजिस्टर आहे. ब्रिगेड रोड, इन्फन्ट्री रोड, आर्टिलरी रोड. आजचा कामराज रोड म्हणजे पूर्वीचा कॅव्हलरी रोड. महात्मा गांधी रोडचं जुनं नाव साउथ परेड, कारण तो परेड ग्राउंडच्या दक्षिणेला होता.

हे सगळं कुठून आलं? बंगळूर आपल्याला परकं नाही. १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी हे शहर घेतलं आणि शहाजीराजांना ते जहागीर म्हणून मिळालं. पण ते बंगळूर म्हणजे पेठ, किल्ल्याजवळचं व्यापारी गाव. ज्या भागात मी चालत होतो तो त्याच्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी झाला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला आणि इंग्रजांनी तिथे फौज ठेवली. कावेरीच्या बेटावर डास भरपूर. सैनिक तापानं फणफणू लागले. तेव्हा कोरड्या, उंच, थंड हवेची जागा शोधून १८०९ मध्ये हलसूरजवळ छावणी वसवली. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंची, उन्हाळाही सुसह्य. डासांमुळे एक शहर वसलं म्हणायला हरकत नाही.

पेठ आणि छावणी ही दोन वेगळी गावं होती, मध्ये कब्बन पार्क. पेठ म्हैसूरच्या राजाची, छावणी इंग्रजांची. भाषा वेगळ्या, बाजार वेगळे, नगरपालिकाही वेगळ्या. १९४७ मध्ये छावणीचा भाग म्हैसूर संस्थानाकडे परत आला आणि १९४९ मध्ये दोन्ही मिळून एक महापालिका झाली. पब, बेकरी, क्लब, घोड्यांची शर्यत, हे सगळं छावणीच्या बाजूचं. बंगळूरला पुढे ‘पब सिटी’ म्हणू लागले त्याचं मूळ इथं आहे.

पबची इमारत बाहेरून फारशी बदललेली नाही. खिडक्यांवर लाकडी जाळीची टोकदार छपरं, ज्यांना इथे मंकी टॉप म्हणतात, ती नव्यानं रंगवली आहेत. आत मात्र सगळं नवं. पूर्वी इथे काय होतं ते मी पाहिलेलं नाही, पण मुलानं ऐकलेलं सांगितलं. अंधार, सिगारेटचा धूर, रॉक संगीत, चिकट लाकडी टेबलं आणि मगातली पातळ बिअर. आता छत उंच केलंय, भिंतीची विटांची बाजू उघडी ठेवलीय आणि काचेच्या मागे स्टीलच्या मोठ्या टाक्या उभ्या आहेत. बिअर तिथंच बनते. जव भिजवून मोड आणतात, भाजून वाळवतात, ते झालं माल्ट. ते भरडून गरम पाण्यात मुरवायचं, गोड पाणी गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. पुढचं काम यीस्ट करतं. आपल्याकडे आंबील करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मुलगा आधीच येऊन बसला होता. बापासारखाच रुंद खांद्यांचा, पण चष्मा आणि दाढी. पाया पडायला वाकला, मी मध्येच धरला. त्यानं सहा छोट्या ग्लासांचा एक लाकडी ट्रे मागवला होता. "काका, आधी सगळ्या चाखून बघायच्या, मग जी आवडेल ती घ्यायची."

आणि तेव्हा मला ती पाटी दिसली.

काउंटरच्या वर, पितळी दिव्याखाली, इनॅमलची जुनी निळी पाटी. इंग्रजीत लिहिलं होतं, ‘आऊट ऑफ बाउंड्स टू अदर रँक्स’. ज्यांना फौजेची भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अदर रँक्स म्हणजे शिपाई ते हवालदार. म्हणजे मी आणि कोल्हापूरकर. इंग्रजांच्या काळात आणि विशेषतः दुसऱ्या महायुद्धात, छावणीच्या शहरांत अशा पाट्या सर्रास असत. कुठे सगळ्यांना मनाई, कुठे फक्त जवानांना. मी मॅनेजरला विचारलं, ही इथलीच का? तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "नाही सर, सजावटीच्या वेळी जुन्या बाजारातून घेतली. कस्टमरना आवडते, फोटो काढतात."

पाटीशेजारच्या भिंतीवर खडूच्या अक्षरांत इंडिया पेल एलची गोष्ट लिहिली होती. गोष्ट अशी की, भारतातल्या तहानलेल्या इंग्रज सैनिकांसाठी बिअर जहाजानं पाठवायची, पण ती वाटेत नासायची. मग एका हुशार ब्रुअरनं जास्त हॉप्स आणि जास्त दारू घालून एक नवी बिअर शोधली, ती टिकली, आणि तिचं नाव इंडिया पेल एल.

ही गोष्ट जगभरच्या क्राफ्ट बिअरच्या दुकानांत सांगतात. मला जुन्या छावण्यांचा इतिहास वाचायचा नाद आहे हे वाचकांना माहीत आहेच. या गोष्टीत खरं किती आणि खोटं किती ते मी मुलाला सांगितलं, इथेही सांगतो.

खरं असं की लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात हॉजसनची ब्रुअरी होती. भारताला जाणारी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तिथून जवळच लागत. जहाजाच्या कप्तानांना स्वतःचा थोडा व्यापार करायची मुभा होती, ते हॉजसनची बिअर घेत. प्रवास आफ्रिकेला वळसा घालून चार ते सहा महिन्यांचा, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. त्या उष्णतेत आणि हेलकाव्यांत ही फिकी, कडू बिअर नासण्याऐवजी मुरायची. पण कुणी ती मुद्दाम भारतासाठी शोधली नव्हती. इंग्लंडमध्ये आधीपासून होत असलेल्या बिअरचाच तो प्रकार होता. १८२२ च्या सुमारास बर्टन गावच्या ऑलसॉपनं या धंद्यात उडी घेतली, मग बासनं. ‘इंडिया पेल एल’ हे नाव छापील जाहिरातींत रूढ झालं ते १८३० च्या दशकात, म्हणजे माल पाठवायला लागून पन्नासेक वर्षांनी. आणि त्या काळच्या मानानं ती फार कडक दारूही नव्हती.

नासण्याची गोष्टही अर्धीच. पोर्टर नावाची काळी, भाजक्या माल्टची बिअरही त्याच जहाजांतून येत होती आणि पोचत होती. १७८४ च्या कलकत्त्याच्या गॅझेटात लंडनची पोर्टर आणि पेल एल या दोन्हींची जाहिरात आहे.

आता मुद्द्याचं. पेल एल कोण पीत होतं? साहेब. कंपनीचे अधिकारी, कलेक्टर, फौजेतले ऑफिसर. साधा गोरा सोल्जर बिअर पीत असे ती मुख्यतः पोर्टर, सरकारी कंत्राटानं पिंपांत भरून आलेली. भिंतीवरच्या गोष्टीतला ‘तहानलेला सैनिक’ ज्या बिअरमध्ये बसवलाय, ती बहुतेक वेळा त्याच्या वाट्याला आलेलीच नाही.

मुलगा हसला. "म्हणजे अदर रँक्सना आऊट ऑफ बाउंड्स." मी म्हणालो, "बरोबर पकडलंस."

पण पोर्टरही नंतरची. सोल्जरच्या वाट्याला सगळ्यात आधी आली ती अरॅक. शब्द अरबी, मूळ अर्थ घाम. भट्टीच्या भांड्यावर घामासारखे थेंब जमतात म्हणून. आपल्या मराठीतला ‘अर्क’ तोच. ताडीची, उसाची, तांदळाची, जिथे जे स्वस्त त्याची ही दारू कंपनी आपल्या गोऱ्या सैनिकांना रोजचा शिधा म्हणून देत असे. शिध्याबाहेर बाजारात आणखी स्वस्त मिळे. करायला काही नाही, दुपारभर बराकीत पडून राहायचं, घर सहा महिन्यांच्या अंतरावर. माणसं प्यायची आणि मरायची.

१८५७ नंतर इंग्लंडमध्ये या मृत्यूंची चौकशी करायला एक रॉयल कमिशन बसलं. त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला. त्यात निघालं की भारतातल्या गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ माणसं मरतात, आणि लढाईत नव्हे, तर ताप, आव, पटकी आणि यकृताच्या रोगानं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत. पण प्रत्येक छावणीतून आलेली उत्तरं त्यांनी बसून वाचली आणि घाण पाणी, गर्दीच्या बराकी यांच्याबरोबर कँटीनमधल्या दारूवरही कोरडे ओढले. दारू सरकारच विकतं आणि मग प्यायल्याबद्दल शिक्षाही सरकारच देतं, यातली विसंगती त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

यावर दोन उपाय झाले. एक, दारू अजिबात सोडवणं. १८६२ मध्ये ग्रेगसन नावाच्या मिशनऱ्यानं आग्र्याला सैनिकांची दारूबंदी संघटना सुरू केली. पुढे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी १८८८ मध्ये अशा संघटना एकत्र करून आर्मी टेम्परन्स असोसिएशन केलं. जितकी वर्षं न पिता काढाल तसतसं पदक मिळे. ही पदकं आजही जुन्या बाजारात मिळतात. लढाईच्या पदकांशेजारी न प्यायल्याचं पदक, याचं मला पूर्वी हसू यायचं. आता येत नाही.

दुसरा उपाय, अरॅक आणि रमऐवजी बिअर देणं. दारू कमी, पोट भरतं. आणि जहाजानं आणण्यापेक्षा इथेच करावी. त्यासाठी थंड हवा लागते म्हणून ब्रुअऱ्या डोंगरावर गेल्या. एडवर्ड डायर यानं १८५५ च्या सुमारास हिमाचलातल्या कसौलीला ब्रुअरी काढली. पुढे मरीला, जे आज पाकिस्तानात आहे, तिथे १८६० मध्ये मरी ब्रुअरी झाली. या एडवर्ड डायरला १८६४ मध्ये मरीलाच एक मुलगा झाला. त्याचं नाव रेजिनाल्ड. तोच १९१९ मध्ये अमृतसरला जालियनवाला बागेच्या दारात रायफलवाले जवान घेऊन उभा राहिला. कसौलीला पोस्टिंग असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ मी त्याच पानावर होतो. सैनिकांना बिअर पाजून कमावलेल्या पैशावर वाढलेला मुलगा.

दक्षिणेत बंगळूर आणि निलगिरीत छोट्या ब्रुअऱ्या होत्या. लाकडी पिंपं बैलगाडीतून छावण्यांना जात. १९१५ मध्ये थॉमस लीशमन या स्कॉटिश माणसानं त्यातल्या पाच एकत्र केल्या आणि युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी काढली. महायुद्ध चालू होतं, गिऱ्हाईक ठरलेलं, गोरी फौज. स्वातंत्र्य येताना ते गिऱ्हाईक जहाजात बसून निघून जाणार हे दिसत होतं. तेव्हा विठ्ठल मल्ल्या या तरुणानं कंपनीचे शेअर विकत घेतले आणि १९४७ मध्ये तो तिचा पहिला भारतीय संचालक झाला. जुन्या ब्रुअरीच्या जागेवर आज यूबी सिटीचे काचेचे मनोरे आहेत आणि समोरच्या रस्त्याला त्याचं नाव.

इथे मुलानं मला थांबवलं आणि ट्रेमधला एक ग्लास पुढे सरकवला. काळा, वर तपकिरी फेस. "काका, ही पोर्टर. सोल्जरची बिअर." मी एक घोट घेतला. भाजलेल्या जवाचा आणि कॉफीचा वास. आईनं चुलीवर ज्वारीची भाकरी जरा जास्त ठेवली की पापुद्र्याला जो वास येतो, त्याच्या जवळ जाणारा. चांगली होती.

दुसऱ्या ग्लासाबरोबर त्यानं पुण्याचा विषय काढला. शिकायला तो पुण्यात होता आणि तिथे त्यानं ‘डूलाली’ नावाच्या ठिकाणची बिअर प्यायली होती. २००९ मध्ये सुरू झालेली ही मायक्रोब्रुअरी देशातल्या पहिल्या काहींपैकी. नावाचा अर्थ त्याला माहीत नव्हता. मी म्हणालो, "अरे, ती तर आमची देवळाली!"

नाशिकजवळच्या देवळालीला १८६० च्या दशकात इंग्रजांनी ट्रान्झिट कॅम्प केला. नोकरी संपलेले गोरे सैनिक देशभरातून तिथे जमायचे आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट बघायचे. जहाजं हिवाळ्याच्या मोसमात, साधारण ऑक्टोबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली तो सहा महिने नुसता बसून. काम नाही, कवायत नाही, उकाडा, ताप, दारू. माणसं बिघडायची. कुणी भांडायचं, कुणी स्वतःशीच बोलायचं. अशा माणसाला बराकीत म्हणत ‘डूलाली टॅप’. डूलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. देवळालीचा ताप. आज इंग्रजीत डोकं फिरलेल्याला ‘डूलाली’ म्हणतात ते आपल्या नाशिक जिल्ह्यातून गेलेलं आहे. त्याच देवळालीत आज तोफखान्याची शाळा आहे, जिथे कोल्हापूरकरनं आणि मी कोर्स केले.

हे सांगताना मी हसत होतो. मग लक्षात आलं की मुलगा हसत नाहीये. तो म्हणाला, "काका, बाबांना तोच ताप होता का?"

कोल्हापूरकर २०१२ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर गेला. वय सदतीस. घरी दोन एकर, त्यात ऊस, भाऊ बघत होता. सतरा वर्षं पहाटे पाचला उठणारा माणूस पाचला उठायचा आणि मग दिवस कुठे ठेवायचा हे त्याला कळायचं नाही. गावात सिक्युरिटीची नोकरी बघितली, सोडली. कँटीनच्या कार्डावर रमचा कोटा मिळत होता. कोटा संपला की गावात मिळायची. मी सुट्टीवर गेलो की भेटायचो. हात थरथरायचा, पण मला बघून ताठ उभा राहायचा. एकदा मी बोललो, "उस्ताद, जरा कमी करा." तो म्हणाला, "करतो की." पुढच्या सुट्टीला मी मुद्दामच एक दिवस कमी थांबलो, कारण मला ते बघवत नव्हतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. २०१९ मध्ये यकृतानं गेला. मी तेव्हा उत्तरेत होतो, मातीला पोचलो नाही.

मुलाला मी हे सगळं सांगितलं, एक दिवस कमी थांबलो तेही. तो बराच वेळ ग्लास फिरवत राहिला. मग म्हणाला, "घरी आई म्हणते फौजेनं दारू लावली. आजी म्हणते फौज सुटली म्हणून लागली."

मी त्याला काय सांगणार? बर्फातल्या पोस्टवर रम मिळते हे खरं. तिनं अंगात ऊब येते असं वाटतं, प्रत्यक्षात कातडीकडे रक्त जाऊन अंग आणखी थंड होतं, हेही खरं. हजारो जवान पितात आणि नीट राहतात. हजारो अजिबात पीत नाहीत. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या अहवालात जे कारण लिहिलंय, काम नसलेला दिवस आणि हाताशी असलेली बाटली, ते कोल्हापूरकरच्या अंगणात तसंच्या तसं होतं. देवळालीत निदान जहाज येणार हे नक्की असायचं. मी म्हणालो, "दोघीही खरंच बोलतात."

बिअर बारच्या भिंतींवर शहराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी लिहायला हवी. बंगळूरात १९८० च्या दशकात पबांची लाट आली. पण त्याच शहरात हमाल, बांधकाम मजूर, रिक्षावाले पीत होते ती सरकारी ठेक्याची अरॅक, प्लॅस्टिकच्या पाकिटातली. २००७ च्या जुलैपासून कर्नाटकानं अरॅक बंद केली. बायकांच्या अनेक वर्षांच्या मागणीचं ते यश होतं आणि मला ते बरोबरच वाटतं. त्यानंतर तीनेक वर्षांतच मायक्रोब्रुअरीला परवाने द्यायला सुरुवात झाली. गहू, आंबा, कॉफी, नाचणीसुद्धा घालून बिअर होऊ लागली. एका दारूचं दार बंद झालं, दुसरीचं उघडलं. पण दोन्ही दारांतून जाणारी माणसं एकच नव्हती. साहेबाला पेल एल आणि सोल्जरला अरॅक, ही विभागणी इंग्रजांबरोबर जहाजात बसून गेली असं म्हणवत नाही.

तसा नियम सगळ्यांना सारखा लागतो असंही नाही. इथल्या बेंगलोर क्लबात, जो तेव्हा युनायटेड सर्व्हिस क्लब होता, एक जुनं रजिस्टर जपून ठेवलंय. त्यात १८९९ मध्ये थकबाकीदारांच्या यादीत एक नाव आहे, लेफ्टनंट विन्स्टन चर्चिल, तेरा रुपये. वसूल होण्यासारखे नाहीत म्हणून सोडून दिलेले. १८९६ मध्ये तो चौथ्या हुसार्स रेजिमेंटबरोबर इथे आला होता. क्लबात ती नोंद आता अभिमानानं दाखवतात. अदर रँक्सपैकी कुणी कँटीनचे तेरा रुपये बुडवले असते तर ते पगारातून कापले असते, आणि वर शिक्षा झाली असती.

मी पोर्टरचा ग्लास पूर्ण केला नाही. मुलानंही दुसरी मागवली नाही. ट्रेमधले तीन ग्लास तसेच राहिले. निघताना तो म्हणाला, "बाबांना ही जागा आवडली असती का?"

मी म्हणालो, "बिअर आवडली नसती. पाण्याचा पैसा घेतात म्हणाला असता. पण आत यायला आवडलं असतं."

मग मी त्याला २००४ ची गोष्ट सांगितली. बापानं घरी ती कधीच सांगितली नव्हती. बिल तो देत होता, मी दिलं. सीनियर असताना ज्युनियरनं बिल द्यायचं नाही, हे मला त्याच्या बापानंच शिकवलं होतं.

दारात या वेळी जो माणूस होता तो निळ्या गणवेशातला, साठीकडे झुकलेला, मिशा पांढऱ्या, टाच टाचेला जुळलेली. जाताना गर्दीत माझं लक्ष गेलं नव्हतं. आता त्यानं माझ्या केसांकडे पाहिलं, मग बुटांकडे, आणि म्हणाला, "जय हिंद साब. कौन सी यूनिट?" मी सांगितलं. तो मद्रास सॅपर्सचा निघाला, ज्यांना फौजेत आम्ही प्रेमानं थंबी म्हणतो. हवालदार म्हणून पेन्शन आलेला, इथे दारावर तीन वर्षं. मुलाची ओळख करून दिली, तोपची म्हणून याच्या बापाची केली. त्यानं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

निघता निघता मी त्याला विचारलं, आत ती निळी पाटी आहे, तिच्यावर काय लिहिलंय माहीत आहे का?

तो हसला. "पता है साब. मैंने ही टाँगी है. मालिक ने बोला थोड़ा टेढ़ा लगाओ, पुराना दिखेगा. मैंने सीधा लगाया."